आई, तुझी कराची पाहून आलो

॥ श्री ॥

मुलुंड, सोमवार

प्रिय आई,

वर श्री घातला आहे, बघ. गेल्या वर्षी बाबांनी कराचीला मामाला तुझ्या जाण्याचं कार्ड टाकलं, त्यावर तो नव्हता. पण हे पत्र तसलं नाही. "कराचीला गेलास की काय काय पाहिलंस ते आधी मला लिही," असं तू मला लहानपणापासून बजावत आलीस. काल बोटीतून उतरलो. पायांखालची जमीन अजून हलतेय, तरी आधी तुला लिहायला बसलो.

कुठून सुरुवात करू? उंटांपासूनच करतो.

बंदराबाहेर पाऊल टाकलं आणि समोरून उंटाची गाडी आली. आई, उंटाच्या पायांत खरंच घुंगरं होती! तू सांगायचीस तेव्हा मी "थापा!" म्हणून ओरडायचो. एकदा तर वाडीतल्या सगळ्या पोरांसमोर तुला खोटारडी म्हणालो होतो. तू नुसती हसलीस. का नाही गं एक ठेवून दिलीस? तिथेच रस्त्यात उभा राहून मी रडलो. मामाला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली.

धूळ आहेच म्हणा. ती मात्र तू कधी सांगितली नाहीस! रुंद रस्ते, पिवळ्या दगडांची घरं, ट्रामची घंटा, संध्याकाळचा तो वारा, सगळं तू म्हणायचीस तसं. टोपी धरून चालावं लागतं. पण बारीक वाळू चपलांत, ताटात, पाण्याच्या भांड्याच्या तळाशीसुद्धा. झाड दिसलं की माणसं त्याच्याखाली थांबतात. आपल्या मागच्या डोंगराकडे बघून तू "इथे फारच बाई हिरवं" म्हणायचीस, ते आत्ता कळलं. दुकानांच्या पाट्या मला वाचता येईनात. तू तोंडपाठ करून घेतलेल्या रस्त्यांपैकी दोन-तीन रस्त्यांची नावं बदलली आहेत. मामाच्या तोंडून अजून जुनीच येतात.

मे महिन्यात वाडीतली पोरं आजोळी जायची आणि मी इथेच. माझं आजोळ सत्तेचाळीस साली परदेशात गेलं. तुझं माहेरही गेलं. माहेरी जायला पासपोर्ट लागतो, असं तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा किती हसली होतीस!

तो फॉर्म, आई. तू सही केलीस. फोटो काढताना पदर तीनदा सारखा केलास. फॉर्म कचेरीत नेऊन देणं एवढंच माझं काम होतं. परीक्षा आहे, पुढच्या आठवड्यात देतो, असं करत चार महिने तो माझ्या खणात पडून राहिला. मग तुला ताप आला आणि आठव्या दिवशी तू नव्हतीस. फॉर्मचं काय झालं, असं तू एकदाही विचारलं नाहीस. विचारायचं होतंस! यंदा "आजीला एकदा नातू दाखव" असं मामाचं पत्र आलं. माझ्या पासपोर्टसाठी कागद शोधायला खण उघडला, तर तुझा फॉर्म तिथेच.

मामानं बंदरावरच बजावलं, आजीला काही सांगायचं नाही. बाबांचं कार्ड त्याला कचेरीत मिळालं होतं. वाचून फाडलं, मित्राकडे अंघोळ केली आणि घरी येऊन गप्प बसला. आजीचं काळीज नाजूक आहे म्हणाला. तू बरी आहेस, घर सोडून निघता आलं नाही, एवढंच मी बोलायचं होतं.

मी बोललो. आठ दिवस बोललो. तुझे केस पिकले का, अजून दूधभात आवडतो का, गुडघे दुखतात का, ती विचारत राहायची आणि मी भराभर उत्तरं द्यायचो. रोज रात्री तुझ्या गुडघ्यांना तेल चोळतो, असंही सांगितलं. तू होतीस तेव्हा एकदा तरी चोळलं होतं का?

निघायच्या सकाळी मामा घोडागाडी आणायला गेला. आजीनं मला गॅलरीत बोलावलं.

"तिला शेवटचं पातळ कुणी नेसवलं रे?" ती म्हणाली.

मी खाली रस्त्यावर मामाला शोधू लागलो. तीच पुढे म्हणाली, "गेल्या साली हा भरदुपारी घरी आला, डोकं ओलं. सुतकाची अंघोळ मला कळत नाही होय? तो बोलेना, मग मीही बोलले नाही. पण माझी लेक सवाष्ण गेली. माहेरचं पातळ अंगावर पडलं की नाही, एवढं सांग."

मग मी तिला हरीबाईचं सांगितलं. कुंपणापलीकडे निर्वासितांच्या बराकीत राहणारी तुझी सिंधी मैत्रीण. तुम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून तासन्‌तास कराची बोलायच्यात आणि मी चेष्टा करायचो. त्या दिवशी माहेरच्या पातळावाचून बायका खोळंबल्या होत्या. हरीबाई गेली आणि ट्रंकेतलं कोरं हिरवं पातळ घेऊन आली, कराचीहून निघताना आणलेलं. तुमचं इथे काय काम, असं मी तिला विचारलं, आई. मीच. ती म्हणाली, "मैं इसके मायके की हूँ." बायकांनी वाट दिली.

"मग माहेरचंच झालं," आजी म्हणाली आणि रडली. आत जाऊन तुझ्यासाठी घेऊन ठेवलेलं निळं पातळ तिनं माझ्या हातात दिलं. हे हरीबाईला दे, माझी लेकच ती, म्हणाली. खाली गाडी वाजली तशी तिनं डोळे पुसले. मला कळलंय हे मामाला सांगू नकोस म्हणाली, त्याचं काळीज नाजूक आहे.

पातळ माझ्यासमोर आहे. उद्या सकाळी कुंपणापलीकडे जाईन आणि तिला मावशी म्हणून हाक मारीन. तू गेल्यापासून तिला कराची बोलायला कुणी उरलेलं नाही. आता दर रविवारी कुंपणाशी तुझ्या जागी मी उभा राहीन. ती सांगेल ते सगळं ऐकेन, आणि एकदाही थापा म्हणणार नाही.

तुझा,
वसंता