चंद्रकला टेलिफोनवर बसते त्याबद्दल

इतवारी, नागपूर
कोजागिरीनंतरचा बुधवार, १९५६

चि. सौ. मैनास नत्थूदादाचे पोटभर आशीर्वाद. रुपराव जावयांचा गुडघा आता काय म्हणतो? (लसणाचं तेल चोळा, पण दारात बसून नको, वारा लागतो.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

तुझं पत्र पोचलं. "परक्या पुरुषांशी दिवसभर बोलणारी पोरगी पारशिवनीचे पाहुणे सून करून घेतील काय? चंद्रकलेले दिवाळीच्या आत उमरेडले आणून घाल," असं लिहिलंस. आईच्या काळजीनं लिहिलंस, माझा राग नाही. पण ती तिथं काय बोलते हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मामा सांगतो.

आपल्या विणकर सोसायटीचं दुकान इतवारीत, रंगशाळा नाईक तलावाशी आणि गोदाम स्टेशनाजवळ. आधी निरोप सायकलवर जायचे, आणि सायकलवाला वाटेत चहाला थांबायचा. यंदा तिन्ही ठिकाणी टेलिफोन आले, आणि सगळ्यांच्या तारा दुकानातल्या एका लाकडी बोर्डात येऊन मिळाल्या. कोणी फोन उचलला की बोर्डावर त्या जागेची छोटी झडप पडते. बसणाऱ्यानं विचारायचं, कोण पाहिजे, आणि दोरीची खुंटी नेमक्या भोकात खोचायची. फणीत ताणा ओवण्यासारखंच. एक धागा चुकला की सारं पातळ बिघडलं.

सोसायटीनं पहिल्यांदा बाबूलालला बसवलं, आवाज खणखणीत म्हणून. (माझाही खणखणीत आहे. मी गोदामाशी बोललो तर समोरचा पानवाला म्हणाला, "नत्थूजी, फोन काहून लावता गा? गोदामवाल्यांनी असंच ऐकलं असतं.")

त्याच दिवशी रंगशाळेत रुखमाबाईला दिसलं, की लाल काठाचा रंग पातळाच्या पांढऱ्या अंगावर उतरून राहिला. त्याच रंगाची बाकीची पातळं गोदामात गाठोडी बांधून रायपूरच्या गाडीची वाट पाहत होती. गोदाम सांभाळतो तिचाच नवरा, तिच्या शोभाचा बाप चंपतराव. तिनं फोन उचलून गोदाम मागितलं. बाबूलाल म्हणाला, "गोदामात कोण? नाव सांगा बाई, नावाशिवाय जोडत नाही." आता नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? (तू तरी घेतलंस का? लग्नात उखाण्यापुरतं, तेही दोनदा ढकलल्यावर.) जवळ तिच्या दोन जावा उभ्या होत्या, पण त्यांचे ते मोठे दीर, त्याही घेईनात. बाबूलालनं कंटाळून तिचा फोन दुकानातच माझ्या हाती दिला. वडीलधाऱ्याचा आवाज ऐकताच रुखमाबाईनं डोक्यावरून पदर ओढला, आणि सोबत फोनवरूनही ओढला! मला नुसता श्वास ऐकू येऊन राहिला. मी ओरडतो, ती आणखी पदर ओढते. तिकडे गाठोडी हातगाडीवर चढू लागली.

तेवढ्यात चंद्रकला माझा डबा घेऊन आली. तिनं बाबूलालला कोण, कुठं लावायचं ते विचारलं, फोन माझ्या हातून घेतला आणि हळूच म्हणाली, "मामी, मी चंद्रकला. शोभाच्या बाबांकडे लावून देऊ?"

पदराखालून आवाज आला, "हो वं माय, लवकर लाव! गाठोडी रोखायची हायेत."

गाठोडी थांबली. नाहीतर आपल्या साऱ्या हातमागवाल्यांची दिवाळी रायपुरात धुतल्यावर गुलाबी झाली असती. तेव्हापासून बोर्डावर चंद्रकलाच बसते. पुरुष फोनवर दोन शब्दांत आटपतात. तिचा दिवस जातो तो या लाजऱ्या बायांशी बोलण्यात. पारशिवनीचे पाहुणे खुशाल येऊ देत, मी स्वतः तिला घेऊन येतो. पण तिची जागा सोडवू नकोस.

तुझा दादा,
नत्थू

ता. क. वर सोसायटीची अडचण सांगितली, ती अर्धीच खरी. सोसायटीला दुसरी मुलगी मिळेल. पण तुझी लेक माझ्याकडे आली तेव्हा भाजीत मीठ नाही एवढंही तोंडातून काढत नव्हती. आता संध्याकाळी घरी येते ती बोलतच येते. तुझी वहिनी चूल सोडून ऐकत बसते, म्हणून हल्ली आमच्या भाकरी करपतात. करपलेल्या खायला मी तयार आहे.

आणखी एक. सोमवारी दुपारी उमरेडच्या पोस्टात ये. मी ट्रंक कॉल लावतो. तिला तुला एकच विचारायचं आहे, "आई, राहू का?" मला विचार म्हटलं तर म्हणते, मामाजी, आईनंच सांगावं. तर मैना, हो म्हणायचं असेल तेव्हा सवयीनं नुसती मान हलवू नकोस. तोंडानं म्हण. मान इथवर दिसत नाही.