प्रेक्षकाला लाल कार्ड

गुडगाव, २० नोव्हेंबर २०००

श्री. पद्माकरराव यांना श्यामकांतचा नमस्कार, विनंती विशेष. (विनंती काही नाही, पत्राची रीत म्हणून लिहिलं.)

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे मी क्षेम आहे. सर्व म्हणावं इतकं आता इकडे कोणी उरलेलं नाही. वहिनींचं पित्त कसं आहे? तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या सौ. शालिनी, गेले बारा दिवस कोल्हापुरात तुमच्याकडे आहेत, त्याअर्थी तुम्हाला एक बाजू तोंडपाठ झाली असेल. दुसरी बाजू लेखी असावी म्हणून हा प्रपंच. त्यांना परत पाठवा असं मी मुळीच म्हणणार नाही. घर उत्तम चाललं आहे. कुकरची शिट्टी वाजेनाशी झाली आहे, पण शिट्ट्यांच्या बाबतीत माझे दिवसच बरे नाहीत.

तुम्ही पंधरा वर्षं तालमीच्या संघातून खेळलात, शालिनी पेठेतल्या फुटबॉलच्या आरडाओरड्यात वाढली. मी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पण पंचांच्या लेखी परीक्षेत छत्तीस जणांत पहिला आलो. (सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला नियम पाठ करण्यासाठी खेळ यावा लागत नाही.) करोल बागेत जाऊन काळा शर्ट, काळी चड्डी आणि शिट्टी घेतली, आणि दर रविवारी देशसेवेला लागलो. देश आता खुला झाला आहे ना! पूर्वी आपण स्कूटरचा नंबर लागायची आठ-आठ वर्षं वाट पाहायचो. आता मानेसरला, जिथे परवापर्यंत मोहरी डोलत होती, तिथे गाड्यांच्या दिव्यांचा एक कारखाना आहे, सीटांचा दुसरा आहे, आणि परदेशातून आलेल्या साहेबांनी सांगितलं म्हणून प्रत्येकाचा फुटबॉलचा संघ आहे. गोलला जाळी लावायचं साहेबांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिथे नुसते खांब आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाच तारखेला दिवेवाले आणि सीटवाले यांची फायनल होती. मला न्यायला दिवेवाल्यांनी त्यांची कंपनीची बस पाठवली. पंचाने एका संघाच्या बसमधून जाऊ नये, असं शालिनीने दारातच सांगितलं. मी म्हटलं, नियमात बसचा उल्लेख नाही. तरी ती बरोबर आली, थालीपिठांचा डबा घेऊन, कारण दिल्लीत आल्यापासून तिने एक मॅच पाहिली नव्हती. (हे मला तिथे गेल्यावर कळलं. कधी विचारलंच नव्हतं.) दोन लाइनमनपैकी एक आलाच नाही. दुसरा दिवेवाल्यांच्या कँटीनचा मॅनेजर होता आणि त्याचं सगळं लक्ष समोशांच्या परातीवर होतं. शालिनी गोलच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. शेवटची सहा मिनिटं उरली, दोन-दोन बरोबरी होती, आणि दिवेवाल्यांच्या एका दांडग्याने चेंडू असा हाणला की तो थेट मोहरीच्या शेतात गेला. आता जाळी नसताना तो खांबाच्या आतून गेला की बाहेरून, हे ठरवायचं पंचाने. मी ठरवलं. शिट्टी वाजवून गोल दिला.

तेवढ्यात मागून तुमच्या घराण्याचा तो आवाज आला, जो एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सहज जातो. "अहो, खांबाच्या बाहेरनं गेलाय की ओ बॉल!"

मराठी कोणाला कळत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. पण तिने हातही केला होता, आणि हात सगळ्यांना कळला. सीटवाल्यांचे अकराच्या अकरा माझ्याभोवती जमले. त्यांचा कप्तान मोठ्या अदबीने म्हणाला, "सर, भाभीजी खुद बोल रही हैं. घर की गवाही है." त्यावर माझा हात खिशात गेला. पिवळं कार्ड हाताला लागलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. लाल लागलं. मी ते डोक्याच्या वर धरून, पुस्तकातल्या चित्रासारखा ताठ उभा राहून, लग्नाच्या बायकोला मैदानाबाहेर काढलं.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि निघाली. ते झाकण लावणं मला अजून दिसतं. मॅडम बाहेर तर आम्हीही बाहेर, असं म्हणून सीटवालेही निघाले आणि त्यांनी तिला आपल्या बसमध्ये पहिली जागा दिली. (सीटा बनवणारी माणसं, त्यांना काय कमी?) फायनल अर्धवट राहिल्यामुळे दिवेवाले चिडले आणि मला न घेताच गेले. मी शेअर ऑटोत, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून, काळ्या चड्डीत घरी आलो. घरी थालीपिठं नव्हती. तिसऱ्या दिवशी शालिनीही नव्हती. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पंचाचा निर्णय अंतिम असतो.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो कोणाच्या बाजूने आहे तेवढं कळवावं.

आपला,
श्यामकांत

ता. क. – आज असोसिएशनचं पत्र आलं. कार्ड फक्त खेळाडूला दाखवता येतं, प्रेक्षकाला नाही, असं ते म्हणतात. पुस्तक उघडून पाहिलं, खरं आहे. (परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता.) तेव्हा शालिनीला बाहेर काढल्याचा निर्णय मुळातच रद्द ठरतो, आणि जिला बाहेर काढलेलंच नाही तिने बाहेर राहण्याचं कारण उरत नाही. हे तिला नियम म्हणून सांगावं, माझा निरोप म्हणून नको.

ता. क. २ – फायनल दहा डिसेंबरला पुन्हा आहे. एका बाजूला लाइनमन म्हणून मॅडमच हव्यात, नाहीतर मैदानात उतरणार नाही, असं दोन्ही संघांनी लेखी दिलं आहे. दोघांच्या सह्या एका कागदावर पहिल्यांदाच आल्या. मी करोल बागेतून कापड आणून झेंडा शिवला आहे. टीप वाकडी आली आहे, पण मीच घातली आहे. या वेळी आम्ही आमच्या पैशाने, आमच्या ऑटोने जाऊ.

ता. क. ३ – चेंडू बाहेरूनच गेला होता. गुडघे दुखत होते म्हणून मी अर्ध्या मैदानातच उभा होतो, मला काहीच दिसलं नव्हतं. घर खायला उठतं. हे पत्र शालिनीला मुळीच दाखवू नका. टीव्हीवर उघडं ठेवा आणि तासभर कुठेतरी बाहेर जाऊन या.