बाबांची सहा हजार पावलं

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

दीड महिना काही कळवलं नाही, माफ कर. कामात होतो असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे लाज वाटत होती.

बाबांनी चालावं म्हणून तू त्यांच्या फोनवर पावलं मोजायची सोय करून दिलीस. तुला आणि डॉक्टरांना रोज दिसणारी ती सहा हजार पावलं माझी आहेत. पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले, "तू निघालायसच फिरायला, तर माझाही फोन ने. त्यालाही जरा हवा लागेल." मी हसत नेला. मग तुझं "शाब्बास बाबा!" आलं, आणि ते त्यांनी खुर्चीत बसूनच आल्यागेल्याला दाखवलं. पुढे मला बोलवेना.

आज डॉक्टर रिपोर्ट पाहून चक्रावले. "एवढं चालूनही साखर वाढतेच? मग सोमवारपासून इन्सुलिन." बाबा पांढरे पडले, पण तोंड उघडेनात. मीही चिठ्ठी घडी करून खिशात घातली. बाहेर आल्यावर मलाच म्हणतात, "तू जरा कमी चालायला हवं होतंस!"

माझं वजन चार किलो उतरलंय आणि त्याचा आनंदही होतोय, हेही कबूल करतो. हे पत्र बहुधा या वहीतच राहील.

तुझा धाकटा

उद्या: डॉक्टरांना खरं सांगायला बाबांना चालत नेणे.