शिल्पाच्या घशातला पायजमा

सोमवार, ४ तारीख

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. खरं म्हणजे ठीक नाही.

किनाऱ्यावरच्या शिल्पाचं काम संपलं. स्टीलच्या उंच, वाकड्या नळ्या आहेत. पाण्यावरून वारा आला की थोरल्या नळीतून तो बाकीच्यांत शिरेल आणि शिल्प गाईल, अशी आमच्या शिल्पकार बाईंची योजना. लोक त्याला ‘प्लंबरचं दुःस्वप्न’ म्हणतात. वारा रोज येतो, शिल्प गप्प.

वेल्डिंग करताना नळीत वारा खेळू नये म्हणून आम्ही तिच्या तोंडात चिंधी कोंबतो. सगळ्या चिंध्या मी काढल्या, झटकल्या, घड्या घातल्या. तू पाठवलेल्या जुन्या कपड्यांतला पट्ट्यांचा पायजमा तेवढा सापडत नाही. तो थोरल्या नळीत आहे. परांची उतरली, क्रेन गेली, रविवारी उद्घाटन. बाईंना वाटतं, आपलंच गणित चुकलं. त्या जेवतही नाहीत. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. काय करू ते लगेच कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा

बुधवार, ६ तारीख

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसत खालीच बसले. मग कुठला पायजमा ते कळलं आणि हसू पळालं. अरे, तो तुझ्या दाजींचा लाडका. गुडघ्याला ठिगळ लागलं तरी टाकू देईनात, म्हणून मी गुपचूप तुझ्याकडे पाठवला आणि यांना सांगितलं, दोरीवरून वाऱ्याने उडाला. तेव्हापासून हे शेजाऱ्यांच्या गच्च्या धुंडाळतायत.

तू बाईंना सांगून टाक. लहानपणी मांजर जेवलं नाही तर तुझ्या घशाखाली घास उतरत नसे, ही तर अख्खी बाई आहे. पायजमा कुणाचा, ते मात्र बोलू नकोस. मला इथेच संसार करायचाय.

तुझी, काळजीत पडलेली
ताई

रविवार, १० तारीख

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. बाईंनी चष्मा पुसत विचारलं, नक्की पायजमाच ना? म्हटलं, हो, नाडीसकट. त्या इतक्या हसल्या की उचकी लागली. मग पोटभर जेवल्या. माझ्या नोकरीचं विचारलं तर म्हणाल्या, आधी त्याला निघू दे, मग तुझं बघू.

आज अध्यक्षांचं भाषण लांबलं आणि वारा चढला. थोरली नळी खाकरली. अध्यक्षांना वाटलं आपलाच घसा, ते पाणी प्यायले. मग नळीने असा ढेकर दिला की पायजमा दोन्ही पाय फाकून आभाळात, आणि त्याच्यामागे सगळ्या नळ्या गाऊ लागल्या. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. पायजमा येऊन माईकवर बसला, भाषण तिथेच संपलं.

बाईंनी मला पुढच्या कामावर घेतलंय. पण ताई, फोटोवाले पुष्कळ होते. उद्याचा पेपर दाजींच्या हाती पडू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पेपरनंतरही राहो.
धाकटा

बुधवार, १३ तारीख

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी पेपर आला. यांनी फोटो पाहिला, भिंग आणलं आणि ठिगळावर बोट ठेवलं. मी लगबगीने चहा टाकायला वळले.

यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, वाऱ्याने उडाला असं तू म्हणालीस तेव्हा मी उगाच तुझ्यावर संशय घेतला. केवढ्या लांब उडत गेला गं बिचारा.

फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावलाय. येईल त्याला वाऱ्याचा मार्ग समजावून सांगतात. तू आलास की तुलाही सांगतील. तेव्हा मान डोलव आणि माझ्याकडे मुळीच बघू नकोस.

माया आहेच,
ताई