बाबांनी थापलेला साबण

ती. आईस नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

दादा मुलांना बाबांच्या शिडाच्या होडीतून फिरवायचं म्हणतोय, त्याला महिनाभर थांबव. बाबा गेल्यानंतर काल पहिल्यांदा तिचं इंजिन उघडलं आणि किळस आली. पेट्रोलची नळी चिरलेली, आणि बाबांनी भेगेवर चक्क साबण थापलेला. तळाच्या लाकडावर पेट्रोल साचलं होतं. मिस्त्री म्हणाला, "एक ठिणगी पडली असती, तर तुमचे बाबा होडीसकट उडाले असते!" मला मात्र बाबा फोनवर सांगायचे, "इंजिन ठणठणीत आहे रे."

नवी नळी बसवण्यासाठी साबण खरवडायला घेतला. त्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. आधी त्याच्या कडेकडेनं खरवडलं, मग तोही खरवडला.

काळजी करू नकोस.

तुझा धाकटा