भावी डॉक्टर कु. निकिता

नगर, १२ जानेवारी २०२५

चि. भीमराज यास,
जयमालाताईचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

माझा नंबर तू मोबाईलवर ब्लॉक केलास. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. लेक शिकायला माझ्याकडे ठेवलीस, तेव्हा तिची दहावी मी बघणार असं ठरलं होतं. मग कोपरगावच्या स्टँडसमोर तो फ्लेक्स कुणाला विचारून लावलास? 'भावी डॉक्टर कु. निकिता हिला ९५ टक्क्यांसाठी हार्दिक शुभेच्छा'! तुझा फोटो सगळ्यांत मोठा, तुझ्या कारखान्यातले शुभेच्छुक त्याखाली, आणि पोरगी कोपऱ्यात. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. अरे, परीक्षा अजून व्हायची आहे.

तो फोटो फिरत फिरत तिच्या वर्गात पोचला. पोरं तिला डॉक्टरीणबाई म्हणतात आणि गोळ्या मागतात. पूर्वपरीक्षेत बीजगणितात चाळीसपैकी अकरा पडले. धड जेवत नाही ती. फ्लेक्स उतरव, नाहीतर दहावी हातची जाईल.

सौ. दीपाला सांग, राग तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही. लोभ उरलाच असेल तर जपून ठेव.

तुझी ताई,
जयमाला

कोपरगाव, १९ जानेवारी

ती. जयमालाताई यांना,
भीमराजचा जयभीम. 'तू' म्हणण्याइतकी जवळीक राहिली नाही, म्हणून 'तुम्ही' लिहितो.

फ्लेक्स मीच लावला. आपल्या घराण्यातली पहिली डॉक्टर होणार, ती काय चोरून? आणि तुम्ही काय कमी करता? रविवारी विहारात वंदना झाली की माईक घेऊन तिच्या चाचणीचे मार्क कोण वाचतं? पोरगी खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपसत बसते, हे तिने तुमच्या महेंद्रला फोनवर सांगितलं आणि त्याने मला. टीव्हीवर चादर टाकलीत. मैत्रिणींना दारातून परत पाठवता. ती अभ्यासाला बसली की तिच्या मागे खुर्ची टाकून पहारा देता. अशानं घास गिळायचा नाही, गणित कुठून सुटायचं?

महेंद्रलाही असंच वाढवलंत. आज तो पुण्याहून फोन मला करतो, तुम्हाला नाही.

येत्या रविवारी येऊन निकिताला घेऊन जाणार आहे. आपला लोभ आपल्याकडेच असावा.

भीमराज

नगर, २३ जानेवारी

भीमराज,

आज आशीर्वाद सुचत नाही. महेंद्रचं नाव काढायला नको होतंस. मुलाशी बोलणं तुटलं की आईला काय होतं ते तुला कळायचं नाही.

मी पंचवीस वर्षं वर्गावर शिकवते आहे. तू पालकसभेला एकदाच आलास, तेव्हाही चहा पिऊन निघून गेलास. माईकचं म्हणशील, तर परवाच्या रविवारी ते अकरा मार्कसुद्धा मी विहारात वाचून दाखवले. लाज वाटल्याशिवाय पोर अभ्यास करत नाही. रविवारी खुशाल ये. पोरीला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही.

जयमाला

हिवरे बाजार, २७ जानेवारी

ती. पप्पा आणि ती. आत्या,
दोघांनाही जयभीम. हेच पत्र दोघांना पाठवते आहे, म्हणजे कोणाला काय लिहिलं यावरून आणखी भांडण नको.

काल तुम्ही दारात भांडत होतात, तेव्हा मी मागच्या दाराने निघाले. गोरक्षमामाला मीच टेम्पो घेऊन बोलावलं होतं. आईला आधी सांगितलं होतं, तिच्यावर राग काढू नका. मी घरात नाही हे तुमच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं, असं आई फोनवर म्हणाली. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

बीजगणित मला आठवीपासून येत नाही. पप्पा विचारायचे किती पडणार, आत्या विचारायच्या किती पडले. काय अडतंय हे दोघांनीही कधी विचारलं नाही. इथे मामीला गणित येत नाही, पण ती लसूण सोलत शेजारी बसते आणि गप्प राहते. आज समीकरणं सोडवली. काही चुकली, ती मी परत केली. कोणी पाहत नव्हतं, म्हणून जमलं.

परीक्षा मी देणार आहे. हॉलतिकीट शाळेतून आणलं आहे. निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. आईचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. बैठक क्रमांक मी तुम्हा दोघांनाही सांगणार नाही.

लोभ करायचा तर सध्या लांबूनच करावा.

निकिता