बॉयलरघराच्या भिंतीवरची खूण

बाबा, बॉयलरघराची भिंत काल पाडली. नदीकाठ पुन्हा एकदा सुधारायचा आहे, म्हणजे फरशी, दिवे, बसायला बाकं, आणि आपलं कापसाचं जिन होतं तिथून पुलापर्यंत फिरायला रस्ता. पाडण्याच्या आधी एक तरुण इंजिनिअर घर शोधत माझ्याकडे आला होता. नगरपालिकेच्या जुन्या नकाशावर त्याला माझी सही सापडली होती. त्याने मला जे विचारलं तेच पन्नास वर्षांपूर्वी आपल्या दोघांसमोर विचारलं गेलं होतं. मी त्याला काय उत्तर दिलं ते शेवटी लिहिते. आधीचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे, तरी मला ते एकदा क्रमाने लिहून पाहायचं आहे, कारण आपण दोघं त्यावर धड कधी बोललोच नाही.

तुम्ही जिनात बॉयलरवर होता. जिन बाजारपेठेच्या अगदी पाठीशी, नदीला लागून, आणि त्याच्या मागे कामगारांच्या बारा खोल्या; नदीकडून दुसरी आपली. पावसाळ्यात पाणी बॉयलरघरात शिरलं की ओसरल्यावर तुम्ही डांबराचा डबा घेऊन भिंतीवर आडवी रेघ ओढायचात. पाणी जिथवर आलं तिथे नाही, त्याच्या एक हात वर, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून. तुमच्या आधीचा बॉयलरवालाही तसंच करायचा. पाण्याला त्याची नेमकी जागा दाखवली की पुढच्या वर्षी ते तिथे हक्काने येतं, असं तुम्हा लोकांचं म्हणणं. तुम्ही दीक्षा घेतलेले, घरातले देव नदीत सोडून आलेले, कोणी अंगारा-धुपारा म्हटलं की चिडणारे, आणि एवढं मात्र सोडत नव्हतात. मी चिडवलं की म्हणायचात, "देवाले नाई भेत मी. पान्याले भेतो. पानी म्या पाह्यलं हाये."

भिंतीवर एकच खूण डांबराची नव्हती. ती कोरलेली होती, आणि सगळ्यांत वर होती. मी सहा वर्षांची असेन. पाणी भर दुपारी आलं. आई मला पाठीवर घेऊन बाजारात पळाली आणि तुम्ही मागे राहिलात, कारण तापलेल्या बॉयलरला गार पाणी लागलं असतं तर तो फुटला असता. भट्टीतली आग तुम्ही सळईने ओढून काढलीत, वाफ सोडलीत, तोवर दार पाण्याखाली गेलं होतं. मग वरच्या माळ्यावर चढून बसलात, आणि पाणी चढायचं थांबलं तिथे त्याच सळईने भिंत खरवडलीत. ही हकीकत तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकली असेल. "बाकीच्या खुना भिऊन केल्या पोरी. हे एक पान्यात बसून केली. हिले हातभर वर नाई नेलं." लोकांना रीत माहीत होती. ही एक खूण रीतीबाहेरची आहे, हे फक्त आपल्या घराला माहीत होतं.

पुढे जिन बंद पडलं. दुष्काळात नदीचा वाळूचा पट्टा झाला, जिनात बाभळी माजल्या, बाजारातला कचरा तिथे पडू लागला. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली तेव्हा नगरपालिकेने तो काठ ताब्यात घेतला. उंच भागावर भाजीबाजार आणि बाग होणार होती. बारा खोल्या पाडायच्या, आणि आपल्या लोकांना खालचं पटांगण द्यायचं, जिथे पूर्वी कापसाच्या गाड्या उभ्या राहायच्या. अट एकच, की पटांगण पुराच्या रेषेच्या वर असलं पाहिजे. नसलं तर सगळ्यांना मंगरूळपीरच्या रस्त्यावरचा माळ, गावापासून दोन कोस. तिथे विहीर नाही, काम नाही. आपल्या बायका पेठेत धान्य निवडायच्या, माणसं हमालीला जायची. रोज चार कोस कोण चालणार होतं? आणि हा नकाशा काढायला नगरपालिकेत ट्रेसर कोण, तर मी. नोकरी लागली तेव्हा जिनाच्या मोडक्या फळीतून तुम्ही मला सागवानी पट्टी करून दिली होती, तासून, तेल पाजून. त्याच पट्टीने मला पुराची रेषा ओढायची होती. दुर्बिणीने पातळ्या घेतल्या तेव्हा पटांगण तुमच्या कोरलेल्या खुणेच्या वीतभर खाली निघालं. ती संध्याकाळभर मी कागदाकडे बघत बसले होते आणि आईशी विनाकारण भांडले होते.

नगरपालिकेच्या साहेबांनी पाहणी ठेवली त्या सकाळी बाराही घरं बॉयलरघरात जमली आहेत. आपल्या शेजारची मावशी पदराचं टोक चावत उभी आहे. साहेब भला माणूस, बाहेरगावचा. ते खुणेवर बोट ठेवतात आणि विचारतात, "ही खूण नक्की पाण्याचीच ना?" तुम्ही बोलायला तोंड उघडता. ते मला दिसतं, आणि मी तुमच्या आधी बोलते. "साहेब, बाबा सगळ्या खुणा पाण्याच्या एक हात वर करतात. तशी रीतच आहे. कोणालाही विचारा." मावशी लगेच म्हणते, "बराबर बोलून राह्यली पोरगी. आमी सारेच पाहतो दरसाली." बाकीचेही माना हलवतात, आणि त्यांच्यातलं कोणीही खोटं बोलत नाही. साहेब तुमच्याकडे वळतात. "काय हो, खरं का?" तुम्ही माझ्याकडे पाहत नाही. खुणेकडे पाहता, बराच वेळ. "रीत तशीच हाये साहेब," तुम्ही म्हणता, आणि चपला पायात सरकवून निघून जाता. तेवढंही खोटं नव्हतं. नकाशावर मी शेरा लिहिला, खुणेतून एक हात वजा, म्हणजे पटांगण रेषेच्या वीतभर वर, आणि खाली सही केली.

दुपारी घरी आले तर आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तुम्ही ताटावर बसून होता, घास न घेता. "काहून बोलली?" तुम्ही विचारलंत. माळावर गेलो तर आईला रोज किती चालावं लागेल, असं काहीतरी मी सांगू लागले. "म्या थे नाई इचारलं. थे खून तुले ठाव होती. काहून बोलली?" आई म्हणाली, "जेऊ द्या ना तिले." तुम्ही म्हणालात, "तुया पट्टीनं पानी नाई अडत." मला इतका राग आला की मी उलट बोलले, "मंग तुमी काहून नाई सांगतलं? तुमाले तं तोंड होतं." तुम्ही भरल्या ताटात हात धुतलात आणि उठलात. आईने भाकरी तव्यावरून काढली ती करपली होती.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलायचात. पटांगणात घरं उठू लागली तसे तुम्ही घमेलं घेऊन दारोदार फिरू लागलात. प्रत्येकाचं जोतं जमिनीपासून हातभर उंच पाहिजे, हा तुमचा हट्ट. लोक वीतभर जोतं बांधून मोकळे व्हायला बघत होते. मावशी तर वैतागली होती. "एवढा उंच ओटा काहून बाप्पा? माये गुडघे राह्यले का आता?" तुम्ही सरळ तिच्या घराच्या पायाच्या चरात उतरून बसलात. "हातभर मुरूम भर, नाईतर मी उठत नाई." कारण मात्र कोणाला सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी खोटी पडले असते. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाबा. ऑफिसातून येताना तुम्ही मुरूम वाहताना दिसलात की मी दुसऱ्या गल्लीने घरी जायचे. बाराव्या घराचं जोतं भरलं त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात, दोन दिवसांच्या तापाने.

पाणी तुम्ही गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात आलं. सकाळी आठ-नऊला पटांगणात शिरलं आणि माझ्या रेषेला न जुमानता जोत्याला लागलं. बाराही घरं आपापल्या दारात उभी होती, पोरं कडेवर, कोंबड्या टोपल्यात. मी पट्टी आणली आणि उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत मोजत राहिले. दीड वीत. सव्वा वीत. दर वेळी आई विचारायची, किती, आणि मी सांगत नव्हते. वीतभर अंतर उरलं आणि पाणी थांबलं, नेमकं तुमच्या कोरलेल्या खुणेइतकं. दुपारी ते उतरू लागलं तेव्हा मावशी शेजारच्या ओट्यावरून म्हणाली, "बुढ्याले पानी दिसत होतं व माय." सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. मला तुमचा अभिमान वाटला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तुमचा राग आला, की त्या सकाळी तुम्ही मला चारचौघांत गप्प का बसवलं नाहीत. माळावर गेलो असतो तर पटांगणातल्या पोरी दोन कोसांवरच्या शाळेत जाऊन शिकल्या असत्या का, हा हिशेब मी अजूनही स्वतःशी घालते. तो कधी माझ्या बाजूने लागतो, कधी तुमच्या.

आता त्या इंजिनिअरचं. पोरगा चांगला आहे, बसला, चहा घेतला. म्हणाला, "आजी, नवीन कामाची उंची ठरवायची आहे. ही कोरलेली खूण पाण्याचीच, की जुन्या शेऱ्याप्रमाणे हातभर कमी धरायची?" मी म्हटलं, "कमी करू नको. ती पाण्यात बसून केलेली आहे." हे मी एका दमात सांगितलं, अडखळले नाही. त्याने लगेच आकडा बदलला. मग सहज विचारलं, "मग तेव्हा हातभर कमी का केली?" आणि मी म्हणाले, "आमच्या बाबांनी तसं सांगितलं होतं." त्याने तेही टिपून घेतलं. रेषा आता बरोबर झाली आहे, बाबा, आणि चूक तुमच्या नावावर गेली आहे. जाताना तो त्याचा फोन नंबर देऊन गेला, काही आठवलं तर कळवा म्हणून. चिठ्ठी इथेच पट्टीखाली दाबून ठेवली आहे. सकाळपासून मी तुम्हाला लिहीत बसले आहे, त्याला फोन केलेला नाही.